विभागाच्या शेअर्ड मेलबॉक्समधले फोल्डर कसे लावावेत

पुरवठादाराचं कोटेशन एकाच्या इनबॉक्समध्ये, त्याला गेलेलं उत्तर दुसऱ्याच्या सेंट आयटम्समध्ये, आणि तो दुसरा रजेवर. हे टाळायचं तर विभागाच्या नावाचा शेअर्ड मेलबॉक्स, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचा एकच मेलबॉक्स हवा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. इथे खरेदी विभागाचं उदाहरण घेतलं आहे.

फोल्डर काढण्याआधी अॅडमिनकडून दोन गोष्टी करून घ्या. ‘फुल अॅक्सेस’ने मेल वाचता आणि हलवता येतात, विभागाच्या पत्त्यावरून पाठवायला ‘सेंड अॅज’ ही परवानगी वेगळी द्यावी लागते. दुसरी गोष्ट हमखास राहून जाते. विभागाच्या पत्त्यावरून पाठवलेला मेल, सेटिंग बदललं नसेल तर, पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या सेंट आयटम्समध्ये पडतो. त्याची प्रत शेअर्ड मेलबॉक्सातही राहील असं सेटिंग अॅडमिन सेंटरमधून चालू करून घ्या. नाहीतर फोल्डर कितीही नीट लावले तरी निम्मा पत्रव्यवहार त्यात येणारच नाही.

आता रचना. चौकशी, कोटेशन, ऑर्डर, बिल असे कामाच्या टप्प्यांचे फोल्डर करायचा मोह होतो. तो आवरा. एकाच मेलच्या साखळीत कोटेशनपासून पेमेंटपर्यंत सगळं असतं. मग ती ठेवायची कुठे यावर रोज वेगळा निर्णय होतो. शोधणारा मात्र नेहमी ‘अमक्या ऑर्डरचं काय झालं’ असंच विचारतो. म्हणून ऑर्डर निघाली की तिचा सगळा पत्रव्यवहार एकाच जागी न्या:

०१ चालू चौकशी
०२ ऑर्डर > आर्थिक वर्ष > पुरवठादार
०३ वार्षिक करार
०४ नाकारलेली कोटेशनं

आउटलुक फोल्डर अक्षरक्रमाने लावतं, म्हणून नावाआधी दोन अंकी आकडा. तीन पातळ्यांपेक्षा खोल जाऊ नका. महिन्यातून एखादाच मेल येणाऱ्या पुरवठादाराला स्वतंत्र फोल्डर नको. त्याचे मेल वर्षाच्या फोल्डरमध्येच ठेवा, सर्चने सापडतात. ‘इतर’ नावाचा फोल्डर आणि माणसांच्या नावाचे फोल्डर अजिबात करू नका. माणसाची बदली झाली की तो फोल्डर उघडायचं कोणाला सुचत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या विषयात पर्चेस ऑर्डरचा नंबर घाला. पुढची उत्तरं तोच नंबर घेऊन येतात.

इनबॉक्समध्ये फक्त प्रलंबित काम राहावं. एकाने मेल उघडला की तो सगळ्यांनाच ‘वाचलेला’ दिसतो, त्यामुळे ठळक अक्षरांवर विसंबता येत नाही. मेल हातात घेणाऱ्याने त्याला आपल्या नावाची रंगीत कॅटेगरी लावावी आणि काम संपलं की त्यानेच तो फोल्डरमध्ये हलवावा. फायलिंगसाठी वेगळा माणूस नेमला की मागचं साठत जातं, कारण कुठला मेल कुठल्या ऑर्डरचा हे त्याला पुन्हा विचारावं लागतं.

एखादा फोल्डर अचानक दिसेनासा झाला तर बहुतेक वेळा तो माउसने ओढला जाऊन शेजारच्या फोल्डरच्या पोटात गेलेला असतो. त्यातला आठवणारा एखादा मेल सर्च करून त्याची जागा पाहा. डिलीट झालेला मेल शोधताना शेअर्ड मेलबॉक्सचे आणि डिलीट करणाऱ्याचे स्वतःचे, असे दोन्ही डिलीटेड आयटम्स तपासा. क्लासिक आउटलुकमध्ये (पीसीवरच्या जुन्या आउटलुकमध्ये) तो सहसा डिलीट करणाऱ्याच्या स्वतःच्या डिलीटेड आयटम्समध्ये जातो. तिथूनही काढून टाकला असेल तर एरवी १४ दिवसांपर्यंत परत मिळवता येतो.

जागा भरत आली म्हणून जुने मेल पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकचे मेल पीसीवर साठवणाऱ्या फाइलमध्ये) काढून कुणाच्या पीसीवर ठेवू नका. ती डिस्क गेली की सगळंच गेलं. त्याऐवजी लायसन्स घेऊन मर्यादा वाढवा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने आणि कंपनीची हिशेबाची पुस्तकं व व्हाउचर ८ वर्षं जपायची असतात, तेव्हा बिलं असलेलं कुठलंही वर्ष लेखा विभागाला विचारल्याशिवाय पुसू नका.

१ एप्रिलला नव्या वर्षाचा फोल्डर उघडा. मार्चमध्ये निघालेल्या ऑर्डरचा माल मे महिन्यात आला तरी तिचे मेल जुन्याच वर्षात जातात, कारण ऑर्डर त्या वर्षाची असते.