दत्तक घेतलेला वयस्कर कुत्रा अंगावर येतोय? या चुका टाळा

आठ-नऊ वर्षांचा कुत्रा दत्तक घेतला की पहिले काही दिवस तो गरीब गायीसारखा वागतो. दोन-तीन आठवड्यांनी गुरगुरायला लागतो आणि घरच्यांना वाटतं, आपल्याला फसवून गळ्यात मारला. बहुतेक वेळा तसं नसतं. सुरुवातीला तो भीतीने गप्प असतो. जरा स्थिरावला की काय सहन होत नाही ते सांगू लागतो.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. गुरगुरला म्हणून आपण ओरडतो, चापट मारतो, साखळीला हिसका देतो. गुरगुरणं हा इशारा आहे. त्याआधीही तो इशारे देतच असतो: अंग ताठ होतं, मान वळते, ओठ चाटले जातात, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतो. मार खाऊन गुरगुरणं बंद होतं, पण भीती तशीच राहते. पुढच्या वेळी तो आवाज न करता थेट चावू शकतो. म्हणून गुरगुरला की हात मागे घ्या, बाजूला व्हा आणि नेमकं कशामुळे झालं ते लक्षात ठेवा. ‘मालक कोण ते दाखवून द्या’ असं सांगणाऱ्या ट्रेनरकडे तर मुळीच जाऊ नका.

दुसरी चूक म्हणजे डॉक्टरांआधी ट्रेनरला बोलावणं. या वयात रागामागे दुखणं असण्याची शक्यता बरीच असते. सांधेदुखी, किडलेले दात, कानाचा संसर्ग, कमी झालेलं दिसणं-ऐकणं, म्हातारपणी होणारा मेंदूचा ऱ्हास. झोपेत हात लावल्यावर दचकून चावणाऱ्या कुत्र्याला कदाचित तुमची चाहूलच लागलेली नसते. आधी पूर्ण तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या करून घ्या. मुंबईत परळला प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथे नेलंत तरी चालेल, जवळच्या डॉक्टरांकडे नेलंत तरी. पण ‘म्हातारा झालाय, चालायचंच’ एवढ्यावर परत येऊ नका. घरातल्या पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या मात्र देऊ नका, त्या कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. गुळगुळीत लादीवर पाय घसरत असतील तर सतरंज्या अंथरा.

वन बीएचकेमध्ये त्याची गादी पॅसेजमध्ये टाकली जाते, कारण जागा तिथेच असते. मग येणारा-जाणारा त्याला ओलांडतो आणि दिवसभर डिलिव्हरीची बेल वाजते. त्याला असा कोपरा द्या जिथे कुणीच जाणार नाही, मुलंही नाहीत. पाहुण्यांना काही आठवडे थांबवा.

जेवताना ताटलीत हात घालून ‘सवय’ लावू नका. त्याने तो अन्न आणखीच राखायला लागतो. लांबून चालत जाताना चिकनचा तुकडा टाका आणि पुढे व्हा. तोंडात काही धरलं असेल तर हिसकावू नका, त्याहून चांगलं काहीतरी देऊन अदलाबदल करा.

लिफ्टमध्ये अनोळखी माणूस हातभर अंतरावर उभा राहतो आणि कुत्र्याला पळायला वाट नसते. रिकामी लिफ्ट येईपर्यंत थांबा. जिन्याने नेलं तर त्याचे गुडघे दुखतात आणि राग वाढतो. चावण्याचा धोका असेल तर जाळीचा मझल, म्हणजे तोंडावर बसवायचं मुसकं, वापरा, तोही घरी खाऊ देत हळूहळू सवय करून. तोंड आवळणारा कापडी मझल नको. मुंबईच्या दमट उकाड्यात धापा टाकता आल्या नाहीत तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

तरीही चावलाच, तर ‘घरचाच आहे, लस झालीय’ म्हणून सोडून देऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस पालिकेच्या रुग्णालयांतही मिळते. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा. आणि शांत झाल्यावर लिहून काढा: वेळ काय होती, कोण जवळ होतं, कुठे हात लागला, आदल्या क्षणी काय घडलं. हा कागद प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा, उपचाराची दिशा ठरवायला तो त्यांना फार उपयोगी पडतो.