डेटा सेंटरवर हरकत नोंदवताय? या चुका टाळा

चांदिवली-पवईपासून ऐरोली-महापेपर्यंत डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटचा डेटा साठवणाऱ्या सर्व्हरच्या इमारती, उभ्या राहतायत, गच्च्यांवर मोबाइलचे टॉवर चढतायत. सोसायट्यांच्या हरकतींचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात, आणि सगळ्यांत त्याच चुका असतात.

सर्वांत महागात पडते ती चूक म्हणजे सगळा जोर ‘रेडिएशन’वर लावणं. उपनगरातल्या एका सोसायटीशेजारी डेटा सेंटर येणार होतं, गच्चीवर टॉवरही. विकासकाने रहिवाशांची बैठक घेतली, अधिकारी हजर होते. जो उठला तो टॉवर आणि कॅन्सर यांवरच बोलला. विकासकाच्या माणसाने शांतपणे सांगितलं, की भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे आणि आमचा टॉवर तिच्या आतच राहील. विषय मिटला. वीज गेल्यावर लागणारे डिझेल जनरेटर किती, धुराडं कोणत्या अंगाला, हे कुणी विचारलंच नाही. आता जनरेटरची चाचणी लागली की त्या बाजूच्या घरांच्या खिडक्या बंद होतात. तक्रार केली तर उत्तर मिळतं, ‘तेव्हा हरकत कुठे घेतली होती?’

याचा मला खरंच संताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मोबाइल-टॉवरच्या लहरींना २०११ मध्ये ‘२ब’, म्हणजे कदाचित कर्करोगकारक, या गटात टाकलं. डिझेल इंजिनाच्या धुराला २०१२ मध्ये गट १ मध्ये, म्हणजे कर्करोगकारक असल्याचा पुरेसा पुरावा असलेल्यांत. हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. तरीही पक्का पुरावा सोडून कच्च्यावर भांडण्यात काय शहाणपण? टॉवरची शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागा आणि आकडा हातात आल्यावर बोला.

माझी स्वतःची सवय अशी, की पहिल्या पानावर फक्त प्रश्न लिहायचे. जनरेटर किती आणि किती क्षमतेचे? चाचणी किती वाजता? डिझेलचा साठा कुठे? थंडाव्यासाठी रोज किती पाणी, आणि ते पालिकेचं की टँकरचं? चिलरचा, म्हणजे थंडावा देणाऱ्या यंत्रांचा, आवाज रात्री किती? निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे. काम सुरू होण्याआधी रात्रीचा आवाज मोजून तारखेसह लिहून ठेवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार?

दुसरी चूक म्हणजे जनसुनावणीची वाट बघत बसणं. अनेकांना वाटतं, एवढा मोठा प्रकल्प, सुनावणी होणारच. पण डेटा सेंटर बहुतेक वेळा इमारत प्रकल्प म्हणून पर्यावरण मंजुरीला जातं, आणि पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. बोलवायला कुणी येणार नाही, आपणच जायचं. पर्यावरण मंजुरीच्या अर्जांच्या परिवेश पोर्टलवर प्रस्ताव शोधा, तो तपासणाऱ्या राज्य तज्ज्ञ मूल्यांकन समितीला लेखी कळवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जनरेटरवर कोणत्या अटी घातल्यात तेही वाचा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण ‘पाच मिनिटांत एखादा फॉरमॅट पाठवा ना’ म्हणणाऱ्यांना मी आता सरळ नाही म्हणते.

व्हॉट्सॲपवरचं तेच पत्र शंभर जणांनी पाठवलं, तरी ते एकच हरकत म्हणून गुंडाळलं जातं.

पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. शेवटच्या दिवशी तर नाहीच.

आणि बैठक झाली की इतिवृत्ताची प्रत मागा. तुमचा प्रश्न त्यात नसेल तर त्याच आठवड्यात लेखी दुरुस्ती मागा, त्या पत्राचीही पोच घ्या.