दुसरीची मुलं संग्रहालयात नेण्याआधी

येत्या जानेवारीत दुसरीच्या ६२ मुलांना पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात न्यायचंय. गेल्या वर्षीच्या क्षेत्रभेटीत माझ्या हातून जे झालं ते यंदा कुणाच्याच हातून होऊ नये, म्हणून हे लिहितेय.

संमतीपत्रं, ओळखपत्रं, प्रथमोपचार पेटी, डबे हे सगळ्या बाईंना पाठ आहे. संमतीपत्रावरचा फोन नंबर लागतो का, एवढं तपासा.

आता शूची सोय. ठिकाण कुठलंही असो, आठवडाभर आधी स्वतः जाऊन बघा. फोनवर विचारू नका, ‘आहे की’ एवढंच उत्तर मिळतं. किती आहेत, नळाला पाणी आहे का, आतली कडी सात वर्षांच्या मुलीच्या हाताला पोचते का, हे डोळ्यांनी बघा. दोनच असतील आणि एका मुलाला दोन मिनिटं धरली, तर ६२ मुलांना तासाच्या वर लागतं. हा हिशेब मी केलाच नव्हता. एक मुलगी बसमध्ये दोनदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘बाई, शूला.’ मी दोन्ही वेळा म्हटलं, ‘पोचलोच बाळा.’ पोचल्यावर तिकिटं, रांग, मोजणी. आत एका कपाटासमोर ती गुडघे जुळवून उभी होती. मी विचारलं, ‘हे काय आहे, सांग बरं?’ ती खाली बघत राहिली आणि तिचा पांढरा मोजा ओला होत गेला. चूक तिची नव्हती, माझी होती. त्यानंतर दोन महिने ती वर्गात हात वर करत नव्हती.

म्हणून शाळेतून निघताना शू, पोचल्यावर तिकिटांच्याही आधी शू, आणि आत गेल्यावर अर्ध्या तासाने दहा-दहाच्या गटाने पुन्हा. मुलींबरोबर एक मावशी फक्त याच कामाला हवी, तिला डबे सांभाळायला लावू नका. थंडीत घाम कमी येतो, त्यामुळे शू जास्त लागते. ‘पाणी कमी प्या’ असं मुलांना चुकूनही सांगू नका.

बसचं म्हणाल तर बाजीराव रस्ता एकेरी आहे आणि गर्दीचा. चालकाला आदल्या दिवशीच उतरायची जागा दाखवा. मुलं पदपथाच्या बाजूनेच उतरवा, पुढे एक बाई आणि मागे एक.

आत काय दाखवायचं ते आधी ठरवा. संग्रह वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा आहे, मांडलेल्याच अडीचेक हजार. सगळं दाखवायला गेलात तर मुलांना काहीच दिसत नाही. मी तीनच गोष्टी धरल्यात: दिवे, अडकित्ते आणि पाय घासायच्या वज्री. वज्री आमच्या वर्गात एकाही मुलाने पाहिलेली नाही. कार्यपत्रिका एका पानाची ठेवा, ‘मोर कुठे कुठे सापडला?’ एवढं पुरे. पेन्सिली दोरीने गळ्यात अडकवा, नाहीतर जिन्यावरून घरंगळतात. हा संग्रह जमवणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) संग्रहालयाला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव दिलंय. हे वर्गात आधीच सांगा. मुलं ‘राजा कुठला?’ म्हणून विचारतातच, आणि आतल्या घाईत नीट सांगता येत नाही.

त्याच दिवशी शनिवारवाडाही उरकायचा मोह होईल. नको. दिल्ली दरवाजाचे खिळे हत्तींना अडवायला होते, हे सांगायला स्वतंत्र दिवस काढा.

पिशवीत चार चड्ड्या, दोन स्कर्ट, दोन हाफ पँटी, मोजे, टॉवेल आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्या. ही पिशवी बसमध्ये ठेवू नका, खांद्यावर घ्या. गेल्या वर्षी माझ्याकडे काहीच नव्हतं, त्या पोरीला माझी ओढणी गुंडाळून आणली.

दुसऱ्या दिवशी घरातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन. आजीचा पानाचा डबा, फुलपात्र, जे असेल ते. काच आणि धारेचं नको. नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवूनच पाठवा, असं पालकांना कळवा.

परतताना मोजणी दारात एकदा, बसमध्ये एकदा. पालकांना निघाल्याचा निरोप. आणि बसमध्ये चढायच्या आधी शू, सगळ्यांनी. ‘मला नाही आली’ म्हणणाऱ्यांनासुद्धा नेऊन आणा.