इलेक्ट्रिक सायकलची मोटर बदलताना बॅटरीचा हिशेब

२५० वॅटची हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर) काढून ५०० वॅटची बसवण्यापूर्वी बॅटरीवरचे लेबल नीट वाचावे. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास ऊर्जा. मोटर कितीही मोठी बसवली तरी हा साठा तेवढाच राहतो. ५०० वॅटसाठी या बॅटरीतून सुमारे १४ अँपिअर प्रवाह खेचला जातो आणि चढावर त्याहूनही जास्त. म्हणून बीएमएसची (बॅटरीचे संरक्षण करणाऱ्या सर्किटची) सततच्या प्रवाहाची मर्यादा कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरला मिळणारी वीज नियंत्रित करणाऱ्या भागाच्या, कमाल प्रवाहापेक्षा जास्त असल्याची खात्री करावी. नाहीतर ऐन चढावर पुरवठा तुटतो, कनेक्टर तापून त्याचे प्लास्टिक मऊ पडते.

रेंज घटते ती मुख्यतः वाढलेल्या वेगामुळे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ताशी २५ ऐवजी ३५ किलोमीटर वेगाने गेल्यास दर किलोमीटरला हवेच्या विरोधावर खर्च होणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. एकूण खर्च किलोमीटरला १२ वरून १८ वॅट-तासांवर गेला, तर ३० किलोमीटरची रेंज २० वर येते. त्यामुळे कंट्रोलरमध्ये वेगमर्यादा घालून जादा ताकद फक्त चढासाठी राखणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

अ‍ॅल्युमिनियमच्या फोर्कमध्ये (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांत) टॉर्क आर्म, म्हणजे आस फिरू न देणारी धातूची पट्टी, बसवावाच, कारण मोटरच्या जोराने आस फिरली तर चाक निसटू शकते. शिवाय भारतात २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर या मर्यादेपलीकडे नोंदणी न करण्याची सवलत लागू होत नाही.