लहान मुलांच्या कुटुंबांवरील संशोधनात सहभागी होताय? या चुका टाळा

घरात लहान मूल असलं की झोप, स्क्रीन, रडारड, आईबाबांमधली कामाची वाटणी अशा कुठल्या ना कुठल्या अभ्यासात भाग घ्यायची विनंती येते. बहुतेक पालक मनापासून हो म्हणतात. पुढे मात्र काही चुका हमखास होतात.

चांगलं दिसेल असं उत्तर देणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीनं होतं. प्रश्न असतो, ‘काल मुलानं किती वेळ स्क्रीन पाहिली?’ सकाळी भरवताना वीस मिनिटं, संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत चाळीस, झोपताना रडू नये म्हणून आणखी पंधरा. बेरीज सव्वा तास. तरी खूण होते ती ‘अर्धा तास’ या चौकटीत! असं शेकडो घरांनी केलं, तर ‘बहुतेक घरांत अर्धाच तास’ असा निष्कर्ष निघतो आणि उद्या तोच सल्ला बनून दमलेल्या आईबापांच्या डोक्यावर बसतो. पाहुणे येणार म्हणून घर आवरतो तशी उत्तरं आवरू नका. संशोधकांना तुमचा नेहमीचा, पसारा असलेला दिवसच हवा असतो. एखादा प्रश्न फारच खाजगी वाटला तर ‘उत्तर द्यायचं नाही’ असं सरळ सांगा. तो तुमचा हक्क आहे, आणि खोट्या उत्तरापेक्षा ते कितीतरी बरं.

आठवड्याची नोंद एकाच रात्री भरणं

मूल रात्री किती वेळा उठलं, हे चार दिवसांनी आठवत नाही. आठवते ती सगळ्यात वाईट रात्र, आणि मग सगळा आठवडा तसाच लिहिला जातो. नोंद राहिली तर रकाना कोरा ठेवा, शेजारी ‘राहिलं’ एवढं लिहा. कोरा रकाना संशोधकाला दिसतो, अंदाजानं भरलेला आकडा ओळखू येत नाही.

मुलाची परीक्षा समजणं

निरीक्षण चालू असताना ‘सांग ना, काल म्हटलं होतंस ना’ असं हळूच सुचवलं जातं. मोह समजण्यासारखा आहे, पण आवरा. मूल आणि आई यांच्यातली जवळीक समजून घेण्यासाठी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी विकसित केलेल्या एका प्रसिद्ध पद्धतीत साधारण वीस मिनिटांत आई दोनदा खोलीबाहेर जाते आणि परत येते. मूल रडलं की आईला वाटतं, आपण नापास झालो. प्रत्यक्षात मुख्य लक्ष असतं ते आई परत आल्यावर मूल कसं वागतं याकडे. मूल फारच कासावीस झालं तर थांबवायला सांगा, संकोच करू नका. आणि बोलणं किंवा वाढ याबद्दल शंका असेल, तर अशा अभ्यासाच्या निकालाची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

न वाचता सही करणं

संमतीपत्र घाईत उरकू नका. व्हिडिओ कोण पाहणार? किती वर्षं ठेवणार? मधेच बाहेर पडलो तर आधीची माहिती काढून टाकता येईल का? नावं काढून सगळी माहिती एकत्र केल्यावर ते अनेकदा शक्य नसतं, म्हणून आधीच विचारा. काही अभ्यासांत मुलाच्या कपड्यात दिवसभर रेकॉर्डर ठेवतात. त्यात आजीचं फोनवरचं बोलणंही येतं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना आधी सांगायलाच हवं. शिवाय मूल अंगावरचं यंत्र पुन्हा पुन्हा काढून टाकत असेल, तर तो त्याचा नकार समजा.

गुपचूप गायब होणं

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. वयाच्या पंचेचाळिशीतही त्यांच्यातले हयात असलेले नव्वद टक्क्यांहून जास्त जण आले होते, म्हणून त्याच्या निष्कर्षांना वजन आहे. एरवी गळतात ती बहुधा अडचणीतली घरं: नोकरी गेलेली, घर बदललेलं, नवराबायको वेगळे झालेले. मागे उरतात ती सुस्थितीतली कुटुंबं, आणि चित्र तेवढ्यांचंच तयार होतं.

परिस्थिती बिघडली तर फोन उचलणं बंद करू नका. छोटी प्रश्नावली किंवा फोनवरची मुलाखत चालेल का, विचारा. अगदीच जमत नसेल तर ‘या फेरीला जमणार नाही, पुढच्या वेळी नक्की विचारा’ एवढा मेसेज टाका, आणि पत्ता किंवा नंबर बदलला असेल तर तोही त्यातच कळवा.