घरच्या अंगणातलं पटिंग ग्रीन: या चुका टाळा

जमीन थोडी सपाट केली, वर कृत्रिम हिरवळ अंथरली, मध्ये भोक पाडलं की झालं पटिंग ग्रीन (गोल्फचा चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायची हिरवळ), अशा समजुतीनं केलेलं काम बहुधा पहिल्या पावसातच उघडं पडतं. शोभेच्या कृत्रिम लॉनची लव, म्हणजे वर उभे राहणारे तंतू, 30-40 मिलिमीटर उंच असते, तिच्यात खालचे दोष झाकून जातात. पटिंगच्या टर्फची, म्हणजे कृत्रिम हिरवळीची, लव जेमतेम 10 ते 15 मिलिमीटर. कपाजवळ (भोकात बसवलेल्या वाटीजवळ) येईपर्यंत चेंडूचा वेग मरतो आणि मग खालचा बारीकसा खळगाही त्याला वाट सोडायला लावतो. तरी लोक टर्फचा रंग निवडण्यात आठवडे घालवतात आणि पाया एका दुपारी उरकतात.

पाया

गवताची मुळं आणि कुजणारी माती असलेला वरचा थर पूर्ण काढा, किमान 10 सेंटीमीटर. चिकणमाती असेल तर आणखी खोल जा आणि खडीखाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं) कापड घाला, नाहीतर खडी हळूहळू चिखलात रुतत जाते. भरावाला क्रशरची कोनदार खडी, तिच्यातल्या बारीक चुऱ्यासकट, हवी. नदीतले गोटे दिसायला छान. पण गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत, मग कितीही धुमस करा.

सगळी खडी एकदम ओतायची आणि वरून प्लेट कॉम्पॅक्टर (थर दाबणारं यंत्र) फिरवायचा, ही चूक जवळपास सगळेच करतात. वरचे दोन इंच दगडासारखे होतात आणि खालचा भाग पोकळ राहून पुढे वर्षभर खचत राहतो. चार-पाच सेंटीमीटरचा थर टाका, किंचित ओला करा, दाबा, मग पुढचा थर. ओल किती? मूठभर चुरा दाबला तर गोळा व्हावा, बोटांतून पाणी निथळू नये. शेवटचे दोन-तीन सेंटीमीटर फक्त बारीक स्टोन डस्टचे (दगडाच्या भुकटीचे).

टर्फ अंथरण्याआधी तीन गोष्टी करून बघा. ॲल्युमिनियमची लांब सरळ पट्टी सगळ्या दिशांनी टेकवून खाली फट दिसते का ते तपासा. अंधार पडल्यावर टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. दिवसा न दिसलेले खळगे आणि बुटांचे ठसे सावल्या पडून लगेच दिसतात. मग त्या नुसत्या डस्टवर चेंडू घरंगळवा. इथे तो उडत असेल, तर महागातलं टर्फही त्याला शांत करणार नाही.

पाण्याचा ढाळ घरापासून दूर द्या, मीटरला 1 ते 2 सेंटीमीटर. नळीनं पाणी सोडून ते कुठे साचतं हे याच टप्प्यावर बघून घ्या.

चढउतारांची हौस

माझ्या मते घरच्या ग्रीनचा खरा घात इथे होतो. टीव्हीवरच्या स्पर्धा बघून लोक छोट्याशा जागेत तीन उंचवटे बसवतात. वेगवान पृष्ठभागावर मीटरला 3-4 सेंटीमीटरचा उतार कपाशेजारी असला, तर चुकलेला चेंडू थांबतच नाही, थेट कडेला जातो. कपाभोवती मीटरभर जागा जवळजवळ सपाट ठेवा. एखादा लांबट, सौम्य उतार पुरेसा आहे. चेंडू सरळ मारायला जागाच उरली नाही तर सराव कसला?

कप

कपाचा व्यास 108 मिलिमीटर आणि खोली निदान 10 सेंटीमीटर. तो नुसता खडीत रोवला तर हलतो, म्हणून बाजूनं काँक्रीट भरा. तळाची भोकं मात्र मोकळी हवीत आणि खाली खडीचा खड्डा हवा, म्हणजे पाणी मुरेल. काठ डस्टच्या पातळीपेक्षा वर आला की कपाभोवती टेकाड तयार होतं आणि बरोबर आलेला चेंडू शेवटच्या क्षणी बाजूला वळतो. काठ कणभर खालीच असू द्या. टर्फ कापताना बोटानं काठ चाचपा, मध्यापासून बाहेर चिरा द्या आणि नवीन ब्लेडनं आतल्या कडेनं कापा.

टर्फ आणि वाळू

गुंडाळी उघडली की लगेच खिळे ठोकू नका. उन्हात काही तास पसरून ठेवा, वळ्या निघू द्या. दोन तुकडे जोडायचे तर दोघांची लव एकाच दिशेला झुकलेली हवी. उलटसुलट झाली तर रंगही वेगळा दिसतो आणि चेंडूचा वेगही सांध्यावर बदलतो. खिळे फक्त कडेला, आणि ठोकताना लव डोक्याखाली दाबली जाणार नाही असे.

लव उभी राहावी म्हणून टर्फमध्ये वाळू भरतात. तिच्या बाबतीत पायाचा नियम उलटा होतो: इथे गोल दाण्याची, धुतलेली, कोरडी सिलिका वाळू लागते. एकाच वेळी ओतली तर लव आडवी पडते आणि ती पुन्हा उभी करताना नाकी नऊ येतात. पातळ पसरा, ताठ झाडूनं लवीच्या उलट दिशेनं झाडा, पुन्हा पसरा. नायलॉनच्या काही टर्फना वाळू फारशी लागत नाही, तेव्हा उत्पादकाची सूचना आधी वाचा.

काम झालंय, पण बिघडलंय

चेंडू सगळीकडे एकाच बाजूला ओढला जात असेल तर वाळू कमी पडून लव झोपलेली असते. उलट झाडा, वाळू वाढवा. वेग कमी वाटत असेल तर रोलर फिरवा. पण आधी मोजा. एडवर्ड स्टिम्पसननं 1935 मध्ये सुचवलेल्या स्टिम्पमीटरचं तत्त्व साधंच आहे: ठराविक उतारावरून सोडलेला चेंडू किती फूट जातो, तो आकडा म्हणजे वेग. ठराविक उंचीवर टेकवलेल्या खाचेच्या पट्टीनंही आधीचा-नंतरचा फरक कळतो. दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घ्या.

एकाच जागी खळगा पडला असेल तर वरून वाळू ओतून तो भरू नका, तिथला वेग कायमचा बिघडेल. जवळच्या कडेचे खिळे काढा, टर्फ दुमडा, डस्ट भरून दाबा, पट्टी टेकवून बघा, मग परत बसवा.

एखाद्या पट्ट्यात लव वितळल्यासारखी दिसली तर वर खिडकीकडे बघा. उष्णता परतवणाऱ्या दुहेरी काचा कधीकधी ऊन एकवटून खाली टाकतात आणि प्लास्टिकची लव त्यात वाकते. तो तुकडा बदलण्याआधी खिडकीला बाहेरून जाळी लावा.