स्पेशियल इंडेक्स शिकताना: जीआयएस क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

जीआयएसच्या (भौगोलिक माहिती प्रणालीच्या) कामात नव्याने येणाऱ्यांशी बोलताना असे दिसते की क्वाडट्री, केडी-ट्री, आर-ट्री ही स्पेशियल इंडेक्सची, म्हणजे जागेनुसार नोंदी पटकन शोधून देणाऱ्या रचनांची, नावे त्यांना तोंडपाठ असतात. परंतु ‘या रस्त्यालगतची गावे दाखवा’ अशी साधी क्वेरी चालते तेव्हा डेटाबेस नेमके काय करतो, हे विचारले की ते अडखळतात. माझ्या मते अभ्यासाची सुरुवात याच प्रश्नापासून करावी.

त्यासाठी आधी नोंदी मूल्यांच्या क्रमाने लावणारा नेहमीचा बी-ट्री इंडेक्स कोठे अपुरा पडतो ते पाहावे. अक्षांश आणि रेखांश या स्तंभांवर त्याच क्रमाने एकत्रित इंडेक्स बांधला आणि पुण्यातील दवाखान्यांसाठी अक्षांश 18.4 ते 18.6 व रेखांश 73.7 ते 74.0 अशी अट घातली, तर अक्षांशाच्या त्या पट्ट्यात येणाऱ्या दौंड-लातूरकडच्या नोंदीही चाळाव्या लागतात, कारण एका ओळीत लावलेल्या क्रमात जमिनीवरचे शेजारपण टिकत नाही. या अडचणीवर फिंकेल आणि बेंटली यांनी 1974 मध्ये जागेचे पुन्हा पुन्हा चार भाग करणारा क्वाडट्री मांडला, तर 1975 मध्ये बेंटली यांनी आळीपाळीने उभी-आडवी रेघ मारून जागा दुभागणारा केडी-ट्री. केडी-ट्री एकदा तरी आलेखाच्या कागदावर दहा-पंधरा बिंदू घेऊन हाताने काढावा; अर्ध्या तासाचे काम आहे.

तथापि नोकरीत रोज गाठ पडते ती आर-ट्रीशी. अँटोनिन गटमन यांनी 1984 मध्ये मांडलेल्या या रचनेत प्रत्येक आकृतीभोवती एक आयत कल्पिला जातो, जवळजवळच्या आयतांना सामावणारा मोठा आयत वरच्या पातळीवर ठेवला जातो, आणि शोध घेताना ज्या आयतांशी संबंधच येत नाही त्या फांद्या सोडून दिल्या जातात. यातून मिळतात ते केवळ उमेदवार. प्रत्यक्ष आकृत्या एकमेकींना छेदतात की नाही, ही महाग तपासणी त्यानंतर होते. पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसच्या भौगोलिक जोडणीत) क्वेरीपुढे ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ लावल्यास ‘इंडेक्स कंडिशन’ आणि ‘फिल्टर’ अशा वेगळ्या ओळींत या दोन्ही पायऱ्या दिसतात, आणि फिल्टरने किती नोंदी टाकून दिल्या तो आकडाही तेथेच मिळतो. हा आकडा वाचण्याची सवय लावून घ्यावी.

समृद्धी महामार्गाचे उदाहरण घेऊ. नागपूर ते मुंबई असा 701 किलोमीटर तिरका जाणारा हा रस्ता एकच रेषा म्हणून साठवला, तर त्याच्या आयतात नाशिक जिल्ह्यातील मालेगावही येते आणि यवतमाळही, वास्तविक ही दोन्ही शहरे रस्त्यापासून बरीच दूर आहेत. ‘महामार्ग ज्या गावांतून जातो ती गावे’ ही क्वेरी अशा वेळी जवळजवळ अर्ध्या राज्यातील गावांच्या हद्दी उमेदवार म्हणून उचलते. इंडेक्स बांधलेला असतो, वापरलाही जातो, तरी वेळ लागतो! उपाय सोपा आहे: ‘एसटी_सबडिव्हाइड’ने रेषेचे लहान तुकडे करावेत, म्हणजे प्रत्येक तुकड्याचा आयत रस्त्याला चिकटून राहतो आणि टाकून दिलेल्या नोंदींचा आकडा झपाट्याने खाली येतो. मात्र एखाद्या गावातून दोन तुकडे गेले की ते गाव उत्तरात दोनदा येते, त्यामुळे पुनरावृत्ती काढून टाकणारा ‘डिस्टिंक्ट’ विसरू नये.

अंतराच्या क्वेरींत वेगळीच खोच आहे. ‘एसटी_डिस्टन्स’ काढून तो 500 पेक्षा कमी आहे का, असे विचारल्यास इंडेक्स वापरला जात नाही. ‘एसटी_डीविदिन’ वापरल्यास तो वापरला जातो. परंतु जॉमेट्री (सपाट कागदासारखे गणित करणाऱ्या) प्रकारातील माहिती अंशांत, म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या 4326 या क्रमांकाच्या प्रणालीत असेल, तर 500 म्हणजे पाचशे अंश, आणि सगळा तक्ता उत्तरात येतो. यूटीएममध्ये, म्हणजे झोनवार मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत, रूपांतर करावे, तर महाराष्ट्र 43 आणि 44 अशा दोन झोनमध्ये विभागलेला आहे. 78 अंश रेखांशाची सीमा अमरावती आणि वर्धा या शहरांच्या मधून जाते. संपूर्ण राज्याचे काम असल्यास मी पृथ्वीचा गोलाकार धरून मोजणारा जिऑग्रफी प्रकार पसंत करतो; गणित थोडे संथ होते, पण मीटर हे मीटरच राहतात.

जिओहॅश, एस2, एच3 या पृथ्वीचे लहान कप्पे पाडून त्यांना संकेतांक देणाऱ्या पद्धतींचा अभ्यास नंतर केला तरी चालतो. जिओहॅशबाबत एवढे ध्यानात ठेवावे की रस्त्याच्या समोरासमोरील दोन दुकाने वेगवेगळ्या चौकटींत पडू शकतात, म्हणून जवळचे ठिकाण शोधताना स्वतःच्या चौकटीसह भोवतालच्या आठही चौकटी तपासाव्या लागतात.